हुतात्मा शिरीषकुमार मेहता

खानदेशांतील नंदुरबार हें व्यापाराचें जुनें गांव. इ. स. १९४२ सालीं तें पश्चिम खानदेशांत मोडत असे. पुढें तें धुळें जिल्ह्यांत गेलें व १९९८ पासून स्वतंत्र जिल्ह्याचें मुख्य ठिकाण झालें. या गांवीं, ता. २८ डिसेंबर १९२६ रोजीं, एका गुजराती व्यापारी कुटुंबांत शिरीषकुमारांचा जन्म झाला. वडिलांचें नांव पुष्पेंद्र, मातोश्रींचें सविता. सुखवस्तु घरच्या मुलानें दुकानाची गादी सांभाळावी हीच रीत; पण काळ निराळा होता.

ता. ८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस गोवालिया टँक मैदानावर काँग्रेसनें छोडो भारत ठराव संमत केला आणि दुसऱ्याच पहाटे गांधीजींसह सर्व पुढारी कैद झाले. वडील मंडळी तुरुंगांत गेल्यावर चळवळीचा भार तरुणांवर, किंबहुना मुलांवर पडला. बरोबर एक महिन्यानें, ९ सप्टेंबरला, नंदुरबारच्या रस्त्यांतून विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. चरख्याचें चिन्ह असलेला तिरंगा शिरीषकुमारांच्या हातीं होता. पोलिसांनीं वाट अडविली, लाठ्या चालविल्या. तरी मिरवणूक मोडेना. तेव्हां एका अधिकाऱ्यानें मुलींच्या रांगेवर बंदूक रोखली. शिरीषकुमार पुढें सरले व गोळी घालावयाची तर आपणांस घालावी असें त्यांनीं बजावलें, असें त्या प्रसंगाविषयीं सांगतात. गोळ्या छातींत शिरल्या व ते तेथेंच कोसळले. वयाचीं सोळा वर्षें पुरीं होण्यास अजून साडेतीन महिने अवकाश होता! आमच्या वर्गांतील कित्येकांचें वय आज तेवढेंच आहे, व मागें सरण्यास त्यांना तेथें पुरेशी जागा होती, हें आमच्या मनांतून जात नाहीं.

त्यांच्यासह लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हेहि हुतात्मे झाले. शिरीषकुमारांचें नांव सर्वतोमुखीं झालें; या चौघांचीं नांवें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतात, म्हणून तीं येथें मुद्दाम दिलीं आहेत.

त्याच महायुद्धांत जर्मनांनीं व्यापलेल्या फ्रान्समध्यें गी मोके नांवाचा पॅरिसचा विद्यार्थी पत्रकें वांटतांना पकडला गेला आणि ता. २२ ऑक्टोबर १९४१ रोजीं, सतराव्या वर्षीं, गोळ्यांस बळी पडला. पॅरिसच्या भुयारी रेल्वेच्या एका स्थानकास त्याचें नांव आहे. आपल्या पांच वीरांचें स्मारक नंदुरबारास माणिक चौकांत आहे.