सह्याद्रीच्या राजाचा समुद्र

छत्रपती शिवाजी महाराजांचे चरित्र शाळांतून शिकविले जाते ते प्रामुख्याने डोंगरांचे चरित्र म्हणून. तोरणा, राजगड, रोहिडा ही नावे भोर-वेल्ह्याच्या विद्यार्थ्यास मुखोद्गत असतात. समुद्र मात्र एखाद्या परिच्छेदात आटोपतो. ही उणीव लहान नव्हे.

1630 मध्ये शिवनेरीवर जन्मलेल्या महाराजांनी राज्याचा पाया घातला तो याच मावळात. येथली गुंजवणी नीरेस मिळते आणि तिचे पाणी भीमा-कृष्णेवाटे पार बंगालच्या उपसागरास जाते. अरबी समुद्र मात्र वरंधा घाट उतरून महाड गाठले की जवळच. महाराजांची दृष्टी तिकडे वळली आणि 1657 मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर जहाजबांधणीस प्रारंभ झाला.

1664 च्या आरंभी सुरतेची संपत्ती राजगडावर आली. त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. जागेची ही निवड मोठी मार्मिक होती. बेटाभोवती खडकांच्या रांगा आहेत. भरतीला त्या पाण्याखाली दडतात, ओहोटीला काही डोके वर काढतात. परक्या जहाजाचा तळ तेथे फुटावयाचा. वाट ठाऊक असलेल्या होडीला मात्र तीच तटबंदी. ही वाट दफ्तरात नव्हती, ती दर्यावर्दी कोळी, भंडारी, गाबीत यांच्या अनुभवात होती. महाराजांनी त्या अनुभवास राज्यात मानाचे स्थान दिले. मायनाक भंडारी आरमाराचा सरदार झाला तो यामुळेच.

1665 च्या फेब्रुवारीत महाराज स्वतः जहाजातून बसरूरवर चालून गेले. त्याच वर्षी पुरंदरच्या तहात 23 किल्ले गेले, रोहिडाही गेला. सिंधुदुर्गाचे काम थांबले नाही. पुढे 1679 मध्ये खांदेरीला इंग्रजांची मोठी जहाजे वेढा घालून असता, मराठ्यांच्या लहान होड्या उथळ पाण्यातून बेटावर रसद पोहोचवीत राहिल्या. बेट मराठ्यांकडेच राहिले. 3 एप्रिल 1680 रोजी रायगडावर महाराजांचे निधन झाले.

सिंधुदुर्गाभोवतीच्या त्याच खडकांवर आज प्रवाळ वाढते, त्यांच्या आडोशाला मासळी वाढते. 1987 मध्ये तेथील 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि स्थानिक मच्छीमारांचा विरोध ओढवला. हेतू रास्तच होता. परंतु त्या पाण्याचे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे त्यांचा विश्वास आधी संपादन करावा लागतो. सतराव्या शतकात ते साधले होते, म्हणून आज ते अशक्य मानण्याचे कारण नाही.

भोर-वेल्ह्याच्या शाळांच्या सहली राजगडावर जातातच. त्यांतील एखादी ओहोटीची वेळ साधून मालवणच्या किनाऱ्यावर न्यावी आणि खडकांमधील वाटा दाखविण्याचे काम तेथल्या एखाद्या वृद्ध मच्छीमाराकडे सोपवावे.