महर्षी कर्वे : शंभरीपल्याडचे आयुष्य

माणसाच्या दीर्घायुष्याचा पाया बालपणात, किंबहुना आईच्या पोटातच घातला जातो, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे १०४ वर्षांचे आयुष्य या विचाराला आव्हान देते, तसेच त्याची साक्षही देते.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणातील शेरवली येथे झाला. दापोली तालुक्यातील मुरूड गावी, गरीब पण मानी घरात ते वाढले. सतराव्या वर्षी सरकारी परीक्षेसाठी ते भर पावसात, सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्यास गेले. मात्र त्यांची लहान चण पाहून परीक्षकांनी वय कमी ठरवले आणि परीक्षेस बसू दिले नाही. तोच किरकोळ देह पुढे शतक ओलांडून गेला.

पायी चालण्याची ही सवय सुटली नाही. १९०० मध्ये आश्रम हिंगण्यास गेल्यावर फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून ते तेथवर चालत जात. महिला विद्यापीठ त्यांनी १९१६ मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी स्थापन केले. सत्तरी उलटल्यावर त्यांनी युरोप-अमेरिकेचा दौरा केला. १९५८ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांना ‘भारतरत्न’ मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

म्हणून कष्टांचे बालपण आरोग्यदायी असते, असा निष्कर्ष काढता येईल का? त्यांच्याच घरातील दुसरे आयुष्य तसे म्हणू देत नाही. प्रथम पत्नी राधाबाई लहान वयातच विवाह होऊन या घरी आल्या आणि १८९१ मध्ये ऐन तारुण्यात निवर्तल्या. ब्रिटिश संशोधक डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकात जन्मवेळचे कमी वजन आणि उतारवयातील हृदयविकार यांचा संबंध दाखवला. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून जिल्ह्यातील सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासातही मातेचे पोषण निर्णायक दिसले.

एका शतायुषीमुळे गरिबी निर्दोष ठरत नाही. तिच्यातून न वाचलेल्यांची चरित्रे लिहिली जात नाहीत, एवढेच. अण्णांनी आपली लाभलेली वर्षे मुलींचे पहिले दिवस बदलण्यासाठी वेचली. येणाऱ्या पिढ्यांच्या आरोग्याची सुरुवात तेथेच होते.