आकाशाचा मापारी : एडविन हबल

गेल्या वर्षी प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग करताना माझे उत्तर काही केल्या ९८० च्या जवळ येईना. तास संपत आला तशा मी दोन नोंदी हळूच फिरवल्या. सरांनी सही केली, पण वही मिटताना मनाला बरे वाटले नाही. काही दिवसांनी ग्रंथालयात एडविन हबल यांच्याविषयी वाचले आणि ती वही पुन्हा आठवली.

हबल यांचा जन्म २० नोव्हेंबर १८८९ रोजी अमेरिकेतील मार्शफील्ड या गावी झाला. ओढा आकाशाकडे, पण वडिलांच्या इच्छेखातर ते ऑक्सफर्डला कायदा शिकले. १९१३ साली वडील वारले. मग काही काळ शाळेत शिकवून ते पुन्हा खगोलशास्त्राकडे वळले आणि १९१९ साली कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत दाखल झाले. तेथील १०० इंची दुर्बीण तेव्हा जगात सर्वांत मोठी होती.

आपली आकाशगंगा म्हणजेच सारे विश्व, असे त्या काळी अनेक शास्त्रज्ञ मानीत. ऑक्टोबर १९२३ मध्ये हबल यांना देवयानी तेजोमेघात एक सेफीड तारा सापडला. अशा ताऱ्याचा प्रकाश ठराविक काळाने कमीजास्त होतो आणि त्या काळावरून त्याची खरी तेजस्विता कळते, हा नियम हेन्रिएटा लेविट यांनी आधीच शोधला होता. त्यावरून अंतर निघाले सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. म्हणजे देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली.

दुसरा प्रश्न वेगाचा. दीर्घिकेच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला की त्यात ओळखीच्या रेषा दिसतात. व्हेस्टो स्लायफर यांना १९१२ पासून आढळत गेले, की बहुतेक दीर्घिकांच्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या आहेत, म्हणजे त्या दूर जात आहेत. हबल यांनी हे वेग आणि स्वतः मोजलेली अंतरे शेजारी मांडली. १९२९ साली २४ दीर्घिकांचा आलेख छापला : अंतर दुप्पट, तर वेगही दुप्पट. पुढे मिल्टन ह्युमेसन यांच्या साथीने त्यांनी आणखी दूरच्या दीर्घिका मोजल्या. हे ह्युमेसन एके काळी त्याच डोंगरावर खेचरांवरून सामान नेत असत!

याचा अर्थ आपण विश्वाच्या मध्यावर आहोत असा नाही. फुग्यावर शाईचे ठिपके देऊन तो फुगवला, तर प्रत्येक ठिपक्याला बाकीचे दूर जाताना दिसतात. वाटेत अवकाशच ताणले जाते, तशी प्रकाशाची लाटही ताणली जाते आणि तांबडी होते. प्रसरणाचे हे गणित बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ सालीच मांडले होते, म्हणून २०१८ पासून या नियमाला दोघांचेही नाव जोडले जाते. स्वतः हबल मात्र, हे वेग खरेच आहेत असे छातीठोकपणे सांगायला कचरत.

आणि त्यांचा आकडा? तो चक्क सातपट चुकला होता! त्याप्रमाणे विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघे, म्हणजे पृथ्वीहूनही कमी. दोष अंतरांत होता. सेफीड तारे दोन प्रकारचे असतात, हे वाल्टर बाडे यांनी १९५२ साली जाहीर केले आणि देवयानी एकदम दुप्पट दूर गेली. आज ते अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे धरतात.

हबल २८ सप्टेंबर १९५३ रोजी वारले. माणूस म्हणून ते निर्दोष नव्हते. कधी काळी आपण वकिली केली, असे ते सांगत. ती त्यांनी केलीच नव्हती. स्वतःच्या आयुष्याच्या नोंदी त्यांनी फिरवल्या, पण आकाशाच्या नोंदी फिरवल्या नाहीत. म्हणूनच पुढच्यांना चूक शोधता आली.

हे वाचल्यावर सरांना सारे सांगून मी तो प्रयोग पुन्हा केला. उत्तर पुन्हा चुकले. या वेळी ते तसेच लिहिले. सरांनी नोंदी पाहिल्या आणि विचारले, की लंबकाची लांबी कुठपर्यंत मोजलीस? मी ती गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता नुसत्या दोऱ्याचीच मोजली होती.

माझीही चूक अंतरातच होती.