डॉ. माधवराव पटवर्धन आणि त्यांची 'छंदोरचना'

माधव जूलियन हे नाव मराठी वाचकांस कवी म्हणून परिचित आहे. त्या नावाचे धनी प्रा. माधव त्र्यंबक पटवर्धन हे केवढे चिवट अभ्यासक होते, याची जाणीव मात्र थोड्यांनाच असते. ते आमच्या ज्ञातीचे नव्हेत. तथापि या स्मरणिकेच्या वाचक-कुटुंबांतील मुलेमुली हल्ली चुडाव्याहून आगगाडीने नांदेडला जाऊन तेथील विद्यापीठात पीएच.डी.साठी नाव नोंदवितात, आणि 'प्रबंध अजून का संपत नाही?' हा घरच्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न आम्ही वारंवार ऐकतो. त्या उभयतांसाठी हे चरित्र लिहीत आहोत.

माधवरावांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोदे येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात फार्सी व इंग्रजी हे विषय घेऊन ते १९१८ साली एम.ए. झाले आणि पुण्यास फर्गसन कॉलेजात फार्सीचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. मराठी साहित्यात सर्वोच्च पदवी मिळविणारा हा पुरुष उपजीविकेसाठी फार्सी शिकवीत होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले, त्यातील ते प्रमुख कवी होत.

पुढे फर्गसनमधील नोकरी सुटली. १९२८ साली कोल्हापुरास राजाराम कॉलेजात स्थिर होईपर्यंतचा काळ त्यांस ओढग्रस्तीचा गेला. परंतु याच काळातील त्यांचे काम पाहा. १९२५ साली त्यांचा 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध झाला, १९२६ साली 'विरहतरंग' हे खंडकाव्य आणि १९२७ साली 'छंदोरचने'ची पहिली आवृत्ती. नोकरीची शाश्वती नसता कोशासारखे कष्टाचे काम तडीस नेणे किती अवघड असते, हे ज्याने संसार केला आहे त्यास सांगावयास नको.

'छंदोरचना' म्हणजे मराठी पद्याच्या घडणीचे शास्त्र. वृत्तात प्रत्येक अक्षराचे लघुगुरुत्व ठरलेले असते. जातीत मात्रांची मोजणी असते, मग ती आठ मात्रांच्या आवर्तनाची असो वा सहांच्या. येथवर संस्कृत शास्त्राचा आधार होता. पण ओवी आणि अभंग यांचे काय? आमच्या जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग लघुगुरूच्या मापात बसत नाहीत. म्हणून ते सदोष म्हणावयाचे काय? माधवरावांनी या रचनेस 'छंद' असे वेगळे स्थान दिले. येथे प्रत्येक अक्षर म्हणताना लांबवून गुरूच्या तोलाचे केले जाते, सबब अक्षरसंख्या तेवढी मोजावयाची, असे त्यांनी दाखविले. जात्यावर बसलेली आमच्या गावची म्हातारी ऱ्हस्व अक्षरही कसे ओढून म्हणते, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांस हा सिद्धांत तत्काळ पटेल. शिकविताना आम्हांस या विवेचनाचा फार उपयोग झाला. गझल व रुबाई या फार्सी रचनांची मापेही त्यांनी मराठीत आणली; ती स्वतः 'गज्जलांजली'त वापरून दाखविली.

पहिली आवृत्ती निघाल्यावर दुसरा कोणी थांबला असता. माधवरावांनी तोच विषय पुन्हा हाती धरला. दहा वर्षांनी, १९३७ साली, सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली. दरम्यान अध्यापन चालू होते, काव्यसंग्रह निघत होते, उमर खय्यामच्या रुबायांची भाषांतरे झाली, १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही झाले. संशोधनात ही दहा वर्षे लांबण म्हणून मोजावयाची नसतात. लोणच्यास मुरावयास दिवस लागतात तसाच हा प्रकार आहे. अखेर १९३८ साली मुंबई विद्यापीठाने या ग्रंथाबद्दल त्यांस डी.लिट्. ही पदवी दिली. मराठीतील कार्यासाठी त्या विद्यापीठाची ही पदवी मिळविणारे ते पहिलेच.

त्याच वर्षी त्यांचा 'भाषाशुद्धि-विवेक' निघाला. ज्यांनी फार्सीचा कोश रचला तेच मराठीतून फार्सी शब्द वगळावे म्हणू लागले, हे आम्हां निजामी मुलखातील लोकांस थोडे चमत्कारिक वाटते. आमच्या वडीलधाऱ्यांची शाळा उर्दूतून झाली आणि जमीन, दप्तर, तहसील हे शब्द आमच्या मातीत केव्हाच रुजले. या एका बाबतीत आमचे मन माधवरावांच्या बाजूस झुकत नाही. मात्र जो शब्द टाकावयाचा तो आधी मुळापासून शिकून घेणारा टीकाकार विरळाच, हेही कबूल केले पाहिजे.

पदवीचा आनंद त्यांस फार दिवस लाभला नाही. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. वय अवघे पंचेचाळीस. उमर खय्यामच्या रुबायांचे त्यांनी केलेले आणखी एक भाषांतर, 'मधुलहरी', त्यांच्या पश्चात १९४० साली प्रसिद्ध झाले.