धनुर्वाताचा जंतू पकडणारा डॉक्टर, ज्याला नोबेल मिळालं नाही

घरात कुणी गरोदर असेल तर एक प्रश्न ठरलेला असतो, टीटीचं इंजेक्शन झालं का? आता टीटीच्या जागी टीडी देतात, पण काम तेच. आई आणि बाळाला धनुर्वातापासून वाचवणं.

या इंजेक्शनची गोष्ट शिबासाबुरो कितासातो या जपानी डॉक्टरपासून सुरू होते.

कितासातो यांचा जन्म १८५३ चा, कुमामोतो भागातल्या ओगुनी गावातला. टोकियोत डॉक्टर झाले आणि पुढं बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत गेले.

धनुर्वाताचं कारण मातीत दडलंय हे तोवर कळलं होतं. पण हा जंतू कायम इतर जंतूंच्या गर्दीत सापडायचा. वेगळा काढायचा कसा?

कितासातो यांनी सगळं मिश्रण ८० अंशांवर तापवलं. बाकीचे जंतू मेले, धनुर्वाताचे चिवट बीजाणू टिकले. या जंतूला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून त्यांनी तो हायड्रोजनमध्ये वाढवला. साल होतं १८८९.

पुढच्याच वर्षी त्यांनी आणि एमिल फॉन बेरिंग यांनी दाखवलं, की धनुर्वातापासून सुरक्षित केलेल्या सशाचं रक्त टोचलं तर उंदीरही वाचतात. म्हणजे रक्तात विष मारणारं काहीतरी तयार होतं आणि ते दुसऱ्याला देताही येतं.

१९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं ते एकट्या बेरिंग यांना, घटसर्पावरच्या सीरमसाठी.

कितासातो १८९२ ला मायदेशी परतले होते. विचारवंत फुकुझावा युकिची यांच्या मदतीनं त्यांनी संसर्गजन्य रोगांची संस्था उभी केली. १९१४ मध्ये सरकारनं ती टोकियो विद्यापीठाला जोडली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि स्वतःची संस्था काढली. १९३१ ला ते गेले. २०२४ पासून जपानच्या हजार येनच्या नोटेवर त्यांचा फोटो आहे.

धनुर्वाताची लस १९२० च्या दशकात आली. आईला लस दिली की तिच्यातली प्रतिकारशक्ती वारेतून पोटातल्या बाळापर्यंत पोचते. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ मध्ये ७ लाख ८७ हजार नवजात बाळं धनुर्वातानं गेली. मळकं ब्लेड, नाळेला लावलेली माती किंवा शेण एवढंही त्याला पुरायचं. लसीकरण आणि स्वच्छ बाळंतपण यांवर जगभर जोर दिल्यावर २०१८ पर्यंत हा आकडा २५ हजारांवर आला.

भारतानं २०१५ मध्ये हे उद्दिष्ट गाठलं. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागं एकापेक्षा कमी रुग्ण.

पण हा रोग देवीसारखा कायमचा संपत नाही. ज्या चिवटपणामुळं तो कितासातोंच्या हाती लागला, त्याच चिवटपणानं तो आजही मातीत टिकून आहे. म्हणून रोग दिसत नसला तरी, प्रत्येक गरोदर बाईला ते इंजेक्शन मिळायलाच हवं.