बापूजी अणे यांचा राजीनामा

१७ फेब्रुवारी १९४३ रोजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील तीन सभासदांनी आपल्या अधिकारपदांचे राजीनामे दिले. सर होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि माधव श्रीहरी अणे हे ते तिघे. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींच्या उपवासाचा तो आठवा दिवस होता. इतिहासाने त्या उपवासाची सविस्तर नोंद ठेवली. राजीनाम्यांच्या वाट्याला मात्र जेमतेम एखादी तळटीप आली. वास्तविक कैद्याच्या अन्नत्यागाचे बळ केवळ कैद्याकडे पाहून कळत नाही. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला कैदी मेला तरी चालतो, असे अनेकदा दिसून आले आहे. ज्यांना ते चालत नाही ते सत्तेच्याच मेजाभोवती बसलेले असतात, आणि कैद्याच्या उपवासाचा खरा प्रश्न त्यांना उद्देशून असतो. लोकनायक बापूजी अणे यांच्या दीर्घ आयुष्यात हा प्रश्न एका हिवाळ्यात दोनदा त्यांच्यापुढे आला. पहिल्या वेळी त्यांनी तो परतविला. दुसऱ्या वेळी त्यांना तो परतविता आला नाही.

चौकशीवाचून माणसाला कोंडून ठेवण्याची सोय इंग्रजांनी या देशात फार पूर्वीच करून ठेवली होती. बंगालसाठी १८१८ चा आणि मुंबई इलाख्यासाठी १८२७ चा रेग्युलेशन त्यासाठीच होता. १८९७ साली प्लेगच्या धामधुमीत रँडचा खून झाल्यावर पुण्याच्या सरदार नातू बंधूंना या १८२७ च्या रेग्युलेशनखाली उचलण्यात आले. त्यांच्यावर आरोप ठेवला गेला नाही, खटला झाला नाही; मिळकत मात्र जप्त झाली. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना शिक्षा झाली. दोन्ही गोष्टी अन्यायाच्याच. पण त्यांत एक मोठा फरक होता. टिळकांना आरोप कळला होता, साक्षीपुरावा खोडता आला होता, न्यायालयात उभे राहून उत्तर देता आले होते. नातूंना आपण नेमके काय केले म्हणून बंदीत आहोत, हे विचारण्याचीही जागा नव्हती. १९३२ च्या जानेवारीत गांधीजींना येरवड्यात नेले ते याच शंभर वर्षे जुन्या रेग्युलेशनचा आधार घेऊन. खटला चालवून शिक्षा करणारे सरकार निदान स्वतःला पुराव्याच्या कसोटीला लावून घेते. स्थानबद्ध करणारे सरकार तेवढेही करीत नाही.

नातू बंधू पकडले गेले तेव्हा अणे सोळा वर्षांचे होते. वऱ्हाडातील वणी येथे २९ ऑगस्ट १८८० रोजी त्यांचा जन्म झाला. घरची परंपरा संस्कृत विद्येची. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातील शिक्षण, अमरावतीला काही काळ शिक्षकी, कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी आणि मग यवतमाळला वकिली, असा त्यांचा प्रारंभीचा क्रम आहे. राजकारणात ते टिळकांचे, आणि अखेरपर्यंत टिळकांचेच राहिले. मिळेल ते पदरात पाडून घ्यावे व उरलेल्यासाठी भांडावे, ही प्रतिसहकाराची भूमिका त्यांनी केळकर, जयकर, मुंजे यांच्याबरोबर उघडपणे पत्करली. गांधींच्या अनेक निर्णयांविषयी त्यांच्या मनात शंका असत. तरीही १९३० च्या जुलैत पुसद येथे जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व करून तुरुंगात जायला ते कचरले नाहीत, आणि १९३३ च्या कठीण काळात काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मालवीयांबरोबर ते वेगळे झाले. कोणत्याही एका गोटात त्यांना कायमचे बसविता येत नाही, आणि म्हणूनच कदाचित चरित्रकारांनी त्यांच्याकडे थोडे दुर्लक्ष केले असावे.

मराठवाड्याशी त्यांचे नाते निराळ्या कारणाने जुळले. भोकरदन तालुक्यातील केदारखेडा आज जालना जिल्ह्यात आहे. तेव्हा ते निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यातले गाव होते. या तालुक्याची सीमा वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्याला भिडते. मौज अशी की वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचेच होते; १९०२ च्या कराराने ते इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिलेले होते. परंतु सीमेच्या एका अंगाला सभा, वृत्तपत्र, निवडणूक अशा थोड्या तरी गोष्टी शक्य होत्या, तर दुसऱ्या अंगाला केदारखेड्यासारख्या गावात साधी सभा भरवायची तरी गश्ती निशाण ५३ आडवे येई आणि सरकारी परवानगीवाचून चार माणसांपुढे बोलणे धोक्याचे ठरे. ऑक्टोबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसने आणि इतर संघटनांनी संस्थानात सत्याग्रह सुरू केला. डिसेंबरच्या अखेरीस सोलापूरला आर्य परिषद भरली. तिचे अध्यक्षस्थान बापूजी अण्यांनी भूषविले आणि तेथून पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत सत्याग्रहींच्या तुकड्या निजामाच्या तुरुंगांत जात राहिल्या. त्या लढ्याला धार्मिक रंग होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच्या मुळाशी असलेला नागरी हक्कांचा प्रश्न अण्यांसारख्या वकिलाला चांगला कळत होता.

असा माणूस १९४१ साली व्हाइसरॉयच्या वाढविलेल्या कार्यकारी मंडळात गेला. परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते त्यांच्याकडे आले. प्रतिसहकाराच्या तत्त्वाशी हे सुसंगतच होते, पण मुहूर्त चांगला नव्हता. त्याच ऑक्टोबरात राजपुतान्यातील देवळीच्या छावणीत भारत संरक्षण कायद्याखाली खटल्यावाचून ठेवलेल्या स्थानबद्धांनी अन्नत्याग आरंभिला. जयप्रकाश नारायण त्यांत होते. श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे मुंबईचे कामगार पुढारीही त्या छावणीत होते. स्थानबद्धांची बाजू बाहेर मांडण्याचे काम कामगार प्रतिनिधी ना. म. जोशी यांनी केले, आणि अखेर कैद्यांना आपापल्या प्रांतांत परत पाठविण्याचे सरकारने मान्य केले. अण्यांचे खाते वेगळे होते. पण मंडळाची जबाबदारी सामुदायिक असते.

ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी व काँग्रेसचे सर्व नेते पकडले गेले, तेव्हाही अणे मंडळात होते आणि मंडळातच राहिले. त्या निर्णयातला त्यांचा वाटा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यानंतर आठवड्याभरात चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाला, अधिकारी मारले गेले, आणि मग लष्कर व पोलिसांनी गावावर जे अत्याचार केले त्यांच्या वार्ता नागपूरमार्गे बाहेर येऊ लागल्या. वर्ध्याच्या आश्रमातील प्रा. भन्साळी १ नोव्हेंबरच्या सुमारास थेट दिल्लीला अण्यांच्या निवासस्थानी जाऊन पोहोचले. तुम्ही या भागाचे, तुम्ही सरकारात आहात, तेव्हा चौकशी करवा आणि स्वतः चिमूरला चला, अशी त्यांची मागणी होती. अण्यांनी असमर्थता दाखविली. भन्साळींनी त्यांच्या घरीच उपवास सुरू केला. पोलिसांनी त्यांना तेथून हलवून सेवाग्रामला पाठविले, ते पुन्हा चिमूरच्या वाटेला लागले, पुन्हा पकडले गेले, आणि हा उपवास साठाहून अधिक दिवस चालला. आपल्या दारात बसलेल्या उपाशी माणसाला पोलिसांनी उचलून न्यावे आणि आपण सरकारचे सभासद म्हणून पाहत राहावे, हा प्रसंग टिळकांच्या या अनुयायाला कसा गेला असेल, याचा अंदाज करणे अवघड नाही.

भन्साळींचा उपवास जानेवारीत संपला आणि आगाखान पॅलेसमधला पत्रव्यवहार तापू लागला. ऑगस्टनंतरच्या हिंसाचाराचा सगळा दोष सरकारने गांधीजींवर ठेवला होता. गांधीजींचे म्हणणे असे की आरोप करायचा तर पुरावा द्या, माझी चूक दाखवा, निःपक्षपाती न्यायासनापुढे मला उभे करा. लॉर्ड लिनलिथगो यांना ते मान्य नव्हते. कैद्याला कोणाकडेच दाद मागता येत नसेल तर तो आपल्या शरीराकडे वळतो. १० फेब्रुवारीपासून २१ दिवस उपवास करण्याचे गांधीजींनी ठरविले. हा प्राणांतिक उपवास नव्हता. पाण्यात मोसंबीचा रस घेऊन तो निभावण्याचा त्यांचा विचार होता. पण त्यांचे वय त्र्याहत्तर होते.

सरकारने एक युक्ती काढली. उपवासापुरते त्यांना मोकळे करू, उपवास संपला की पुन्हा बंदीत घेऊ, असा तो प्रस्ताव होता. इंग्लंडात १९१३ साली मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांनी तुरुंगात अन्न सोडले तेव्हा पार्लमेंटने असाच कायदा केला होता. लोकांनी त्याला मांजर-उंदराचा कायदा हे नाव ठेवले. उपाशी कैदी आपल्या ताब्यात मरू नये, पण कैद तर सुटू नये, एवढाच त्यामागचा हेतू. मोकळा झालो तर उपवासाचे कारणच राहणार नाही, असे सांगून गांधीजींनी तो नाकारला. व्हाइसरॉयच्या मते हा उपवास राजकीय दडपणाचा, किंबहुना हिंसेचाच एक प्रकार होता.

हा आक्षेप क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाही. त्याच मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सभासद होते आणि त्यांनी राजीनामा दिला नाही. १९३२ च्या येरवड्यातील उपवासाचा भार त्यांनी स्वतः सोसला होता. त्या वेळी कैद्याच्या प्राणाचे ओझे सरकारवर नव्हे, तर अस्पृश्य समाजाच्या प्रतिनिधीवर पडले होते. ज्याने तो अनुभव घेतला त्याने पुढच्या उपवासाकडे साशंकतेने पाहिले तर त्यात नवल नाही. परंतु १९४३ ची गोष्ट निराळी होती. येथे तिसरा दुबळा पक्ष कोणी नव्हता. एका बाजूला आरोप करणारे आणि तोच आरोप सिद्ध करण्याचे नाकारणारे साम्राज्य होते, आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या कुलपात असलेला एक वृद्ध. दडपण कोण कोणावर आणीत होते, हे पाहायला फारशी सूक्ष्म दृष्टी लागत नव्हती.

मंडळात बहुसंख्य सभासद हिंदी होते. तरी सुटकेचा निर्णय झाला नाही. तिघांनी राजीनामे दिले. त्यांनी संयुक्तपणे काढलेले निवेदन कमालीचे त्रोटक आहे. गांधीजींच्या उपवासाबाबत करावयाच्या उपाययोजनेच्या मूलभूत प्रश्नावर मतभेद झाले म्हणून पद सोडीत आहोत, एवढे सांगून त्यांनी व्हाइसरॉयच्या सौजन्याबद्दल आभार मानले आहेत. संताप नाही, त्यागाचा डंका नाही. आजच्या वाचकाला ते मिळमिळीत वाटेल. पण भर युद्धकाळात सरकारच्या तीन सभासदांनी एका स्थानबद्धासाठी जागा सोडणे, ही गोष्ट भाषेच्या मदतीवाचूनही पुरेशी बोलकी होती.

त्याने गांधीजी सुटले नाहीत. दिल्लीत सप्रूंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या सर्वपक्षीय नेत्यांच्या परिषदेची विनंतीही फेटाळली गेली. उपवास चालू असतानाच सरकारने काँग्रेसवर दोषारोप करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. म्हणजे खटला नाहीच, निकालपत्र मात्र छापून तयार. प्रकृती एकदा फार खालावली, पण ३ मार्चला उपवास पुरा झाला. पुढच्याच महिन्यात, २२ एप्रिल १९४३ रोजी, मुंबईच्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने भारत संरक्षण नियमांतील २६ वा नियम, ज्याच्या आधारे हजारो लोक स्थानबद्ध होते, तो मुळात कायद्याबाहेरचा ठरविला. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर स्वतः इंग्रज होते. सरकारने काही दिवसांतच वटहुकूम काढून ते भगदाड मागील तारखेपासून बुजविले आणि कैदी होते तेथेच राहिले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी त्याच पॅलेसमध्ये स्थानबद्ध असतानाच वारल्या.

अण्यांनी मात्र त्याच वर्षी, १९४३ मध्ये, सिलोनमधील हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून नेमणूक स्वीकारली. ज्या सरकारातून बाहेर पडले त्याचीच नोकरी सहा महिन्यांत पत्करली, ही टीका तेव्हाही झाली आणि तिच्यात तथ्य आहे. सिलोनमधील मळ्यांवरच्या हिंदी मजुरांचे प्रश्न बिकट होते आणि ते काम त्यांच्या जुन्या खात्यातलेच होते, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येते. पद सोडण्याची त्यांची तयारी होती, सत्तेचे क्षेत्रच सोडून देण्याची नव्हती.

स्वातंत्र्यानंतर घटना समितीत त्यांनी काही काळ काम केले, आणि जानेवारी १९४८ मध्ये ते बिहारचे राज्यपाल झाले. घटना समितीत सप्टेंबर १९४९ मध्ये खटल्यावाचून स्थानबद्धतेला जागा देणारा, आज २२ वे कलम म्हणून ओळखला जाणारा मजकूर चर्चेला आला तेव्हा ते पाटण्याच्या राजभवनात होते. त्या कलमाने सल्लागार मंडळाच्या मताशिवाय तीन महिने माणसाला अटकेत ठेवण्याची मुभा दिली. १९५० चा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा, १९७१ चा मिसा आणि १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा हे सगळे त्याच घटनेच्या छायेत झाले. १९५९ पासून १९६७ पर्यंत बापूजी नागपूरचे खासदार होते आणि स्वतंत्र विदर्भाचा आग्रह धरीत राहिले. उतारवयातला त्यांचा मोठा उद्योग मात्र संस्कृतातील होता. ज्या टिळकांच्या खटल्यांच्या काळात ते लहानाचे मोठे झाले, त्यांचे चरित्र त्यांनी श्लोकबद्ध केले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वर्षी त्यांना पद्मविभूषण देण्यात आले होते. ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ या त्या काव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७३ साली, ते पाहायला कवी नसताना.