५ वर्षं कसोटीबाहेर, चाळिशीत परतले अन् थेट १५४ धावा! विजय मर्चंट यांच्या पुनरागमनाची गोष्ट

मुखेड : दहावीचं वर्ष सुरू झालं की बॅट माळ्यावर जाते. मग अकरावी-बारावीला लातूर किंवा नांदेडला क्लास, खोली, मेस, टेस्ट सिरीज. मुखेड तालुक्यातल्या कितीतरी घरांत हे असंच घडतं. दोन-तीन वर्षांनी सुट्टीत गावाकडं आलेला पोरगा ग्राउंडवर जातो. पहिलाच चेंडू बॅटला लागत नाही. जुने सवंगडी हसतात आणि तो मनाशी ठरवून टाकतो, आपलं क्रिकेट संपलं.

खरंच संपतं का? मोठ्या खंडानंतर परत मैदानात उतरता येतं का? उतरलं तर काय मिळतं आणि काय गमवावं लागतं? भारतीय क्रिकेटमध्ये या प्रश्नाचं सर्वात ठळक उत्तर म्हणजे विजय मर्चंट. मराठवाड्यातली मुलं हे नाव ऐकतात ते बहुधा विजय मर्चंट ट्रॉफीमुळे. बीसीसीआयची १६ वर्षांखालील मुलांची ही स्पर्धा त्यांच्याच नावानं खेळवली जाते. पण ज्यांच्या नावानं ती होते, त्यांची स्वतःची कारकीर्दच खंडांनी भरलेली होती, हे फार कमी जणांना माहीत असतं.

मर्चंट हे आडनाव आलं कुठून?

जन्म १२ ऑक्टोबर १९११, मुंबई. घराणं ठाकरसी, कापड गिरण्यांच्या व्यवसायातलं. शाळेत मुख्याध्यापकांनी नाव आणि वडिलांचा व्यवसाय विचारला. व्यवसाय व्यापार असल्याचं उत्तर मिळालं आणि वहीत तेच आडनाव म्हणून लिहिलं गेलं, अशी गोष्ट सांगितली जाते. ठाकरसींचा विजय पुढे आयुष्यभर मर्चंट राहिला.

सिडनहॅम कॉलेजकडून खेळताना त्यांचं नाव झालं. १९२९ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत ते हिंदू संघाकडून खेळले. एक गोष्ट इथं लक्षात ठेवायला हवी. मर्चंट पोटासाठी खेळत नव्हते. उत्पन्न गिरणीतून यायचं, क्रिकेट हौसेखातर चालायचं. आज आयपीएलच्या लिलावाचे आकडे पाहणाऱ्यांना हे विचित्र वाटेल. पण त्या काळी भारतात क्रिकेटवर घर चालत नव्हतं. कुणी नोकरी सांभाळून खेळायचं, तर कुणी एखाद्या संस्थानिकाच्या आश्रयानं.

पहिला खंड : १९३२, कारण देश

१९३२ मध्ये भारताचा संघ पहिल्या कसोटीसाठी इंग्लंडला जाणार होता. मर्चंट तेव्हा २० वर्षांचे होते. निवड चाचणीत धावा केल्या असत्या तर लॉर्ड्सच्या त्या ऐतिहासिक कसोटीत खेळण्याची संधी होती.

पण जानेवारी १९३२ मध्ये गांधीजींना अटक झाली. इतर नेतेही तुरुंगात गेले. सविनय कायदेभंगाच्या त्या दिवसांत इंग्रजांच्या देशात खेळायला जाणं मर्चंट यांना पटलं नाही. ते निवड चाचणीतून बाजूला झाले. भारताची पहिली कसोटी त्यांच्याविना झाली. मुंबईची चौरंगी स्पर्धाही १९३० ते १९३३ बंदच होती. म्हणजे उमेदीच्या वयातली काही वर्षं अशीच गेली.

त्यांचं कसोटी पदार्पण झालं डिसेंबर १९३३ मध्ये, मुंबई जिमखान्याच्या मैदानावर. भारतात खेळली गेलेली ती पहिलीच कसोटी.

दुसरा खंड : १९३६ ते १९४६, कारण युद्ध

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात मर्चंट खऱ्या अर्थानं जगासमोर आले. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर भारत पहिल्या डावात ३६८ धावांनी मागे पडला होता. दुसऱ्या डावात मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी २०३ धावांची सलामी दिली. मुश्ताक अली ११२, मर्चंट ११४. सामना वाचला. ‘विस्डेन’नं १९३७ च्या अंकात वर्षातल्या पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंमध्ये मर्चंट यांची निवड केली.

त्यानंतर मात्र तब्बल १० वर्षं भारत एकही कसोटी खेळला नाही. दुसऱ्या महायुद्धानं सगळं थांबवलं. मर्चंट तेव्हा २४ वर्षांचे होते, पुढची कसोटी खेळले तेव्हा ३४ वर्षांचे. कोणत्याही फलंदाजाची सर्वोत्तम दहा वर्षं हीच असतात.

फरक इतकाच की या काळात त्यांनी बॅट खाली ठेवली नाही. देशातलं क्रिकेट सुरूच होतं. १९४३-४४ च्या हंगामात त्यांची आणि सांगलीच्या विजय हजारे यांची धावांची शर्यत लोक आजही सांगतात. पंचरंगी स्पर्धेत मर्चंट यांनी हजारे यांच्या संघाविरुद्ध नाबाद २५० केल्या. हजारे यांनी त्याच सामन्यात, संघाच्या ३८७ पैकी एकट्यानं ३०९ काढल्या. नंतर रणजी स्पर्धेत महाराष्ट्राविरुद्ध मर्चंट यांनी नाबाद ३५९ धावा फटकावल्या.

१९४६ मध्ये इंग्लंडचा दौरा झाला तेव्हा या सरावाचं फळ दिसलं. संपूर्ण दौऱ्यात त्यांनी २,३८५ धावा केल्या. ओव्हलच्या कसोटीत १२८ धावांवर ते धावबाद झाले, तेही अजब रीतीनं. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन हा आर्सेनल क्लबचा फुटबॉलपटूही होता. त्यानं चेंडू हातानं न उचलता पायानं मारला आणि तो थेट स्टंपवर गेला.

तिसरा खंड : १९४६ ते १९५१, कारण तब्येत

स्वतंत्र भारताचा पहिला परदेश दौरा १९४७-४८ मध्ये ऑस्ट्रेलियात होता. समोर डॉन ब्रॅडमन यांचा संघ. भारताचे कर्णधार म्हणून नाव जाहीर झालं विजय मर्चंट यांचं. पण तब्येतीनं साथ दिली नाही. त्यांना माघार घ्यावी लागली आणि नेतृत्व लाला अमरनाथ यांच्याकडे गेलं. पुढच्याच हंगामात वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला. त्या मालिकेतही मर्चंट नव्हते.

हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होतं. पदार्पणापासून १९४६ पर्यंत भारत ९ कसोटी खेळला. त्या नऊही मर्चंट खेळले. त्यानंतरच्या सलग १० कसोटी त्यांच्याविना झाल्या. वय चाळिशीकडे झुकलं होतं. आता हे परत येतील, असं मानायला फारसं कारण उरलं नव्हतं.

दिल्ली, नोव्हेंबर १९५१ : त्या सामन्यात काय घडलं?

इंग्लंडचा संघ भारतात आला. पहिली कसोटी २ नोव्हेंबरपासून दिल्लीच्या फिरोजशा कोटला मैदानावर सुरू झाली. कर्णधार होते विजय हजारे. मर्चंट यांना बोलावणं आलं. आदल्याच महिन्यात त्यांनी वयाची ४० वर्षं पूर्ण केली होती. आधीची कसोटी खेळून ५ वर्षं आणि वर दोन महिने झाले होते.

लेगस्पिनर सदाशिव शिंदे यांनी ९१ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा डाव २०३ धावांत आटोपला. मग मर्चंट सलामीला उतरले. तिसऱ्या विकेटसाठी त्यांनी आणि हजारे यांनी २११ धावा जोडल्या. चौथ्या दशकातले मर्चंट संपले असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यासमोर त्यांनी १५४ धावा उभ्या केल्या. कसोटीत भारतीयानं केलेली ती तोपर्यंतची सर्वात मोठी खेळी ठरली. हा विक्रम फार टिकला नाही, कारण त्याच डावात हजारे यांनी नाबाद १६४ धावा केल्या. मर्चंट यांच्या कारकिर्दीतली मात्र तीच सर्वोच्च खेळी राहिली.

मोठ्या सुट्टीनंतर नेमकं काय अवघड जातं?

थोडं गणित करून पाहू. ताशी १२० किमी वेगाचा चेंडू सेकंदाला साधारण ३३ मीटर जातो. गोलंदाजाच्या हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंतचं अंतर साधारण १८ मीटर. म्हणजे हातात वेळ असतो जेमतेम अर्धा सेकंद. तेवढ्यात चेंडूची लांबी ओळखायची, पाय हलवायचा आणि बॅट आणायची.

एवढ्या वेळात विचार करून खेळता येत नाही. हजारो चेंडू खेळून शरीराला जी सवय लागते, तीच कामी येते. खंड पडला की नजर आणि पाय यांचा मेळ बिघडतो. तंत्र विसरलं जात नाही, फक्त ते अर्धं पाऊल उशिरा येतं. म्हणूनच सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी चेंडू बॅटला लागत नाही. तो दिवस म्हणजे निकाल नव्हे.

मर्चंट यांचा पाया पक्का होता. नेटका बचाव, चेंडूला उशिरा खेळण्याची सवय आणि घाई न करण्याचा स्वभाव. अशा फलंदाजाचं वयानं कमी नुकसान होतं. आणि ते कसोटीपासून दूर होते, क्रिकेटपासून पूर्ण तुटले नव्हते. ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. खुद्द ब्रॅडमन यांचंही असंच झालं होतं. युद्धकाळात आजारपणामुळे सैन्यातून बाहेर पडावं लागलेले ब्रॅडमन १९४६ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी परतले आणि ब्रिस्बेनच्या कसोटीत त्यांनी १८७ धावा केल्या.

पण या पुनरागमनाची किंमत काय?

गोष्ट इथं संपली असती तर ती फार गोड झाली असती. पण त्याच दिल्ली कसोटीत क्षेत्ररक्षण करताना मर्चंट यांचा खांदा दुखावला. पुन्हा ते कसोटी खेळलेच नाहीत. १५४ धावांचा तो डाव त्यांचा सर्वात मोठा आणि कसोटीतला शेवटचाही ठरला.

दिल्लीचा सामना अनिर्णित राहिला. याच मालिकेतल्या पाचव्या कसोटीत, फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारतानं आपला पहिला कसोटी विजय मिळवला. ती भारताची २५ वी कसोटी होती. मर्चंट संघात नव्हते. १८ वर्षांच्या कसोटी कारकिर्दीत त्यांना एकही विजय पाहायला मिळाला नाही.

आकड्यांत मर्चंट

- कसोटी : १० सामने, ८५९ धावा, सरासरी ४७.७२, शतकं ३
- दहाही कसोटी इंग्लंडविरुद्धच
- प्रथम श्रेणी सरासरी : ७१.६४, दीर्घ कारकीर्द असलेल्यांत ब्रॅडमन यांच्यानंतर दुसरा क्रमांक
- रणजी स्पर्धेतली सरासरी : ९८.७५

मैदान सुटल्यावर

मर्चंट पुढे निवड समितीचे अध्यक्ष झाले. १९७१ मध्ये वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी कर्णधार कोण, यावर समितीची मतं समसमान पडली. मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत अजित वाडेकर यांच्या बाजूनं दिलं आणि मन्सूर अली खान पतौडी यांचं कर्णधारपद गेलं. निर्णयावर वाद झाला. मात्र त्याच वर्षी वाडेकर यांच्या संघानं वेस्ट इंडिज आणि इंग्लंड, दोघांनाही त्यांच्याच देशात हरवलं.

विविध भारतीवरचा त्यांचा क्रिकेटचा कार्यक्रम घरोघरी ऐकला जायचा. अंध आणि अपंग व्यक्तींना रोजगार मिळावा यासाठी त्यांनी बरंच काम केलं. २७ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

मुखेडच्या पोरानं यातून काय घ्यायचं?

खोटा दिलासा नको. मर्चंट यांच्यामागे गिरणी होती, मुंबईची मैदानं होती. गावातल्या मुलाला टर्फ विकेट सोडा, सीझन बॉलही वर्गणी काढून आणावा लागतो. शिवाय १६ वर्षांखालील स्पर्धेचं वय निघून गेलं की ते परत येत नाही. ही दोन्ही सत्यं आहेत.

पण मर्चंट यांच्या आयुष्यातून एक फरक नीट कळतो. स्पर्धेपासून दूर राहणं वेगळं आणि खेळ सोडून देणं वेगळं. युद्धाची दहा वर्षं त्यांनी कसोटी खेळली नाही, पण फलंदाजी केली. त्यामुळे परतीची वाट उघडी राहिली. क्लासच्या दोन वर्षांत रोज नेट्स जमणार नाहीत. आठवड्यातून दोनदा अर्धा तास भिंतीवर चेंडू मारून खेळणं जमू शकतं. आणि घरच्यांनी बॅट माळ्यावर टाकण्याऐवजी दाराआड ठेवली, तरी बरंच काम होतं.

परतल्यावर प्रत्येकाच्या नशिबात १५४ नसतात. खांदाही दुखावू शकतो. मर्चंट यांना ते एकाच सामन्यात मिळालं, आणि तरी ते मैदानात उतरले होते.